एक टेकडी, एक घसरलेली वाट आणि सायकल विरुद्ध वॉकर: काय केलं, कुठे चुकलं

टेकडीचं नाव आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाहीये. पुण्याच्या पश्चिमेकडची टेकडी आहे, रोज जाणाऱ्यांना दोन पॅरात कळेलच कुठली ते, कळलं तर मनात ठेवा. मी स्वतः दोन्ही पार्ट्यांत मोडतो, आठवड्यातले चार दिवस चालतो आणि रविवारी सायकल घेऊन चढतो, त्यामुळे या प्रकरणात दोन्हीकडच्या शिव्या मी खाल्ल्यात. दुसऱ्या टेकड्यांवरचे लोक अधूनमधून फोन करून विचारतात की तुमच्याकडे सायकलवाल्यांचं भांडण कसं मिटलं, आणि दर वेळी तासभर तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

पार्श्वभूमी

टेकडी छोटी आहे. पायथ्यापासून माथा सत्तर-बहात्तर मीटर, वेताळ टेकडीशी तुलना करू नका. एका अंगाला सोसायट्या, पलीकडच्या अंगाला वस्ती, मध्ये माथ्यावर पठार आणि मारुतीचं देऊळ. जमीन निम्मी वनखात्याची आणि निम्मी खाजगी, पण त्या खाजगी जमिनीवर बीडीपीचं आरक्षण, म्हणजे जैवविविधता उद्यान. १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत आलेली जी समाविष्ट २३ गावं म्हणतात त्यांच्या टेकड्यांवर हे आरक्षण आहे आणि त्यावरून किती वर्षं रणकंदन चाललंय ते पुणेकरांना सांगायला नको. आपल्या कामापुरता मुद्दा एवढाच की एकाच वाटेचा खालचा तुकडा एकाच्या मालकीचा आणि वरचा दुसऱ्याच्या, आणि दगड हलवायचा तरी कोणाला विचारायचं हा प्रश्न.

झाडोऱ्यात वनखात्यानं पूर्वी लावलेला गिरिपुष्प भरपूर. त्याच्या अधेमधे खैर, हिवर, मोई, सालई, पळस, आणि उत्तरेच्या उतारावर एक पांढरूक आहे जो उन्हाळ्यात पानं झडून असा काही पांढराफटक उभा असतो की त्याला भुत्या का म्हणतात ते लगेच कळतं. टिटव्या, तित्तर, चंडोल, सातभाई कायमचे रहिवासी, आणि पाऊस लागला की नवरंग ओरडायला लागतो.

आता मुख्य गोष्ट, जमीन. खाली बेसाल्टचा काळा पाषाण, वर मुरूम, आणि त्यावर वीतभर माती, तीसुद्धा गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली. पुण्यात वर्षाला ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो, फार नाही, पण पडतो तेव्हा तासाभरात बदाबदा पडतो आणि गवत गेलेल्या जागी माती थांबत नाही.

आमची मेन वाट कोणी आखलेली नाही. आधी गुरं गेली, मग माणसं, मग आणखी माणसं. खालच्या गेटपासून निघून मधल्या टप्प्यात ती नाकासमोर सरळ वर जाते, साधारण १२० मीटर लांबीत ३० मीटर चढ, म्हणजे २५ टक्के. घाटरस्त्यातसुद्धा एवढा चढ काढत नाहीत. २०२० च्या लॉकडाऊननंतर जिम बंद म्हणून जी गर्दी टेकडीवर आली ती परत गेलीच नाही आणि सायकलींचंही तेच, आधी रविवारी पाचसहा दिसायच्या त्या तीसतीस दिसायला लागल्या.

नेमकं काय घडलं

जुलै २०२२, रविवार, सकाळी पावणेसात, बुरबुर पाऊस. मधल्या टप्प्याच्या खालच्या टोकाला एक वळण आहे, गिरिपुष्पाच्या गचपणामुळे पलीकडचं काही दिसत नाही. एकाहत्तर वर्षांचे एक काका चढत होते, वरून चोवीसपंचवीसचा पोरगा सायकलवर उतरत होता. त्याने ब्रेक दाबले, मागचं चाक लॉक झालं, सायकल चिखलात आडवी सरकली. धडक झालीच नाही खरं तर, पण काका दचकून बाजूला झाले आणि घळीत पडले. मनगट मोडलं. पोरानेच त्यांना खाली आणलं, रिक्षा केली, प्लास्टर होऊन मुलगा येईपर्यंत दवाखान्यात बसून राहिला. हे सगळं काकांनी नंतर स्वतः सांगितलं, पण तोवर ग्रुपवर दीडशे मेसेज पडून गेले होते आणि त्यात पोरगा पळून गेला असंसुद्धा एकाने ठोकून दिलं होतं.

आठवड्यात गेटवर फ्लेक्स लागला, ‘सायकलस्वारांना सक्त मनाई’, खाली नाव कोणाचंच नाही. दोन दिवसांत तो फाडलेला. मग ऑगस्टमध्ये एका सकाळी त्याच वळणाच्या वर, दोन झाडांच्या मध्ये, कमरेच्या उंचीवर तार बांधलेली सापडली. सायकलवाल्यासाठी बांधली असणार, पण तिथून अंधारात पळायला जाणारी मुलंही असतात. ती तार मीच सोडवली, हात थरथरत होते. तोपर्यंत माझं मत ‘आठ दिवसांत शांत होतील सगळे’ असं होतं, त्या दिवशी ते बदललं.

प्रश्न काय होता

आम्ही सगळे समजत होतो की प्रश्न एकच आहे, सायकल. मी एका शनिवारी स्टीलची टेप घेऊन गेलो आणि मधला टप्पा मोजला. घळ सगळ्यात खोल जागी ४५ सेंटीमीटर. त्या घळीतून चालायला नको म्हणून लोक कडेच्या गवतातून जातात, ती कड झिजली की त्याच्या पुढच्या कडेने, असं करत करत तीन फुटांची वाट एका ठिकाणी नऊ मीटर रुंद झालेली, चार समांतर घळी आणि मध्ये गवताची बेटं.

वॉकर म्हणायचे सायकलींनी वाट खाल्ली. सायकलवाल्यांमधल्या एकाने लगेच १९९४ सालचा अमेरिकेतला, मोंटानामधला अभ्यास काढून दाखवला, त्यात ओल्या वाटेवर घोड्याच्या टापांनी आणि माणसांच्या पायांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटते असं निघालंय. अभ्यास खरा आहे. पण तो वाचून आमच्या वाटेवर उभं राहिलं तर दोन्ही दिसतं, पाय वाट रुंद करतात कारण माणूस चिखल टाळतो, आणि तीव्र उतारावर लॉक झालेलं चाक बोटभर रुंदीची सरळ रेघ ओढतं आणि पाण्याला तेवढीच रेघ पुरते. कोणी किती टक्के खाल्ली हा वाद घालायला लोकांना फार आवडतं, आम्हीही दोन महिने घातला.

पर्याय

सप्टेंबरमध्ये एका रविवारी देवळाच्या पारावर मीटिंग घेतली, सव्वीस लोक आले. पडलेले काका प्लास्टर घालून आले आणि पहिलंच वाक्य बोलले, ‘त्या पोराला कोणी काही बोलू नका, बाकी चालू द्या.’ त्यामुळे तापमान बरंच खाली आलं.

पहिला पर्याय सायकलींना बंदी. अर्ध्या लोकांना तेच हवं होतं. पण बंदी घालणार कोण? आम्हाला अधिकार नाही, आणि बंदी राबवायला रोज सकाळी गेटवर कोण उभं राहणार यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

दुसरा, जॉगिंग ट्रॅक. महापालिकेची निवडणूक तेव्हा रखडलेली, त्यामुळे माजी आणि इच्छुक दोघेही भलतेच उत्साहात, दोघांकडूनही निरोप आला की पेव्हर ब्लॉक टाकून देतो, लाइट लावून देतो, बाकंही देतो. खोटं कशाला बोलू, सात-आठ जणांना हे एकदम पटलं आणि त्यात गुडघेदुखीवाले होते, त्यांचं चुकत नव्हतं. पण वनखात्याच्या जमिनीवर असलं बांधकाम असं सहज होत नाही, दिवे लागले की रातव्यांसारखे रात्रीचे पक्षी आणि ससे गेले, आणि २५ टक्के चढावर ब्लॉक टाकले तर पावसात त्यावरून घसरगुंडी, शिवाय ब्लॉकच्या कडेने पाणी आणखी जोरात धावणार ते वेगळंच.

तिसरा, वेळा वाटून घेणं. सकाळी आठपर्यंत फक्त चालणारे, आठनंतर सायकलींना उतरायची परवानगी. खर्च शून्य, सगळ्यांना समजणारा, कोणाचं फार नुकसान नाही.

चौथा, वाटच बदलणं. मधला सरळ टप्पा बंद करून तेवढाच चढ नागमोडी लांब वाटेने चढायचा. डोंगरातल्या वाटा आखणाऱ्यांचे काही साधे ठोकताळे आहेत: वाटेचा चढ सरासरी १० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, आणि डोंगराचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको, नाहीतर पाणी वाट ओलांडून जायच्या ऐवजी वाटच धरतं. आमच्या टप्प्यात डोंगराचा उतारच २५-२८ टक्के आणि वाट त्याच रेषेत सरळ, म्हणजे वाट कसली, पन्हळच. ३० मीटर चढ १० टक्क्यांनी चढायचा तर ३०० मीटर वाट लागते.

पाचवा पर्याय काहीच न करणं. तो मीटिंगमध्ये कोणी मांडत नाही पण नेहमी तोच जिंकायला बसलेला असतो.

मोजणी आणि निर्णय

ठरवायच्या आधी मोजू असं म्हटलं. दोन रविवार आणि दोन साधे दिवस गेटवर आणि माथ्यावर बसून आळीपाळीने मोजलं. रविवारी सहा ते आठमध्ये एकदा २१२ माणसं, ३१ सायकली, १९ कुत्री. साध्या दिवशी याच्या निम्मी माणसं, सायकली चारपाच. आठ वाजता गर्दी ओसरली म्हणून मोजणी बंद करून आम्ही मिसळ खायला गेलो. चारही दिवस. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या आकड्यांवरून ठरलं की तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र करायचे. लगेच वेळा वाटून घ्यायच्या आणि सावकाश वाट बदलायची. वेळांचं सायकलवाल्यांनी अपेक्षेपेक्षा पटकन मान्य केलं, त्यांच्यातल्या दोघांनी घंटा न लावणाऱ्याला आपल्या ग्रुपमधून काढायचंही कबूल केलं आणि खरंच काढलं एकाला.

वाटेसाठी वनखात्याकडे परवानगी मागितली. तोंडी उत्तर चार दिवसांत मिळालं, पायवाट दुरुस्त करा पण झाड तोडायचं नाही, जेसीबी नाही, सिमेंट नाही. लेखी यायला एप्रिल उजाडला. खाजगी तुकड्याचा मालक शोधून सापडला नाही म्हणून तो तुकडा आहे तसा सोडून दिला. आता ऑक्टोबरमध्ये ठरलेलं काम एप्रिलच्या कागदावर आलं, आणि समोर दोन रस्ते होते, लगेच मे महिन्यात करायचं किंवा पाऊस संपेपर्यंत सहा महिने थांबायचं. लोकांचा उत्साह तोवर टिकणार नाही या भीतीने आम्ही मे धरला. तिथे आम्ही चुकलो, आणि एक झाडांवाल्या मॅडम तेव्हाच सांगत होत्या की थांबा.

आखणी

हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडला. पाणलोटाच्या कामात समतल चर आखायला ए-फ्रेम वापरतात ती आम्ही केली, इंग्रजी ए अक्षरासारखे बांधलेले तीन बांबू, वरच्या टोकाला टांगलेली दोरी आणि दोरीला एक दगड. दोन पायांत दोन मीटर अंतर. सपाट जमिनीवर एका पायाखाली २० सेंटीमीटरचा ठोकळा ठेवून दोरी आडव्या बांबूवर जिथे येते तिथे खूण केली, म्हणजे डोंगरावर दोरी त्या खुणेवर आली की समजायचं १० टक्के चढ. लेझर नको, ॲप नको. दोन सकाळी चुन्याच्या फक्क्या टाकत ३०० मीटरची रेघ आखली, चार वळणं.

दुसऱ्या सकाळी शेळ्या घेऊन एक मामा आले, बराच वेळ काठीवर हनुवटी ठेवून आमचा खेळ बघत बसले आणि मग म्हणाले, ‘खालनं काय रेघा मारताय, पाणी येतंय कुठनं ते बघितलं का?’

बघितलं नव्हतं. त्यांच्या मागोमाग माथ्यावर गेलो. पठाराच्या कडेने एक जुना कच्चा जीपरस्ता आहे, त्याला बाहेरच्या अंगाला मातीचा वरंबा झालाय, त्यामुळे पठारावरचं सगळं पाणी त्या रस्त्यावरून वाहत येऊन नेमकं आमच्या वाटेच्या डोक्यावर तुंबतं आणि मग वाटेने खाली. खाली तुम्ही काशी विश्वनाथापर्यंत नागमोडी वाट काढली असती तरी ते पाणी येतच राहिलं असतं. जीपरस्त्याचा वरंबा तीन ठिकाणी फोडून पाणी आधीच गवतात सोडायचं हे काम आमच्या यादीत नव्हतं, ते सगळ्यात वर आलं. मामांना मीटिंगला का बोलावलं नाही असं कोणी विचारलं तर उत्तर नाही, सुचलंच नाही.

टिटवीची अंडी एका वळणावर सापडली, उघड्या मुरमावर चार, दगडांसारखीच दिसतात. ते वळण सहा मीटर अलीकडे घेतलं. टिटवीने तरी दोन रविवार आमच्या डोक्यावर घिरट्या घालून कानठळ्या बसवल्याच.

प्रत्यक्ष काम आणि पहिला पाऊस

मे २०२३ चे चार रविवार, सकाळी सहा ते साडेनऊ, कुदळ, फावडं, पहार, घमेली. सरासरी पंचवीस माणसं. सायकलवाले सगळ्यात जास्त राबले हे लिहिलंच पाहिजे, वॉकर मंडळींनी ताक आणि पोहे सांभाळले आणि सूचना भरपूर दिल्या. वाट तीन फूट रुंद, दरीकडच्या बाजूला किंचित कलती, म्हणजे पाणी वाटेवर न थांबता आडवं निघून जावं. दर पंधरावीस मीटरवर वाट चार पावलं जराशी खाली उतरवून परत चढवायची, म्हणजे तिथे पाणी वाट सोडतंच. जुन्या सरळ घळीत अनगड दगडांचे छोटे बांध घातले आणि वरच्या-खालच्या तोंडाला बोरीबाभळीच्या काट्या लावून ती बंद केली.

मे मधली माती कोरडी ठाक. कोरडी माती कितीही तुडवली तरी बसत नाही, भुगा राहते. त्या वर्षी मान्सून उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि आल्या आल्या दोन जोरदार सरींत आमच्या ३०० मीटरपैकी शंभरएक मीटरचा बाहेरचा काठ वाहून गेला. दोन वळणं पूर्ण. जिथे आम्ही उकरून भर टाकली होती तिथलंच गेलं, जिथे डोंगर कापून मूळ जमिनीवर वाट बसवली होती ते राहिलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त जुलैत मला एका वळणापाशी घेऊन गेल्या आणि आमच्याच ढिगाऱ्यातून वाकडीतिकडी वर आलेली कळलावी दाखवली. उन्हाळ्यात जमीन मोकळी दिसते पण खाली कंद झोपलेले असतात, त्यामुळे मे मध्ये ‘इथे काहीच नाही’ म्हणून आखलेली वाट कशावरून जातेय ते कळायला ऑगस्टच लागतो.

काट्या कोण काढतंय

याच सुमारास दुसरी भानगड. जुन्या सरळ वाटेच्या काट्या रोज कोणीतरी बाजूला सारत होतं. आम्ही रविवारी लावायच्या, मंगळवारी गायब. ग्रुपवर अर्थातच सायकलवाल्या पोरांवर संशय, पुन्हा तेच सुरू. शेवटी मी एका बुधवारी रजा टाकून साडेनऊपर्यंत खाली थांबलो.

पलीकडच्या वस्तीतून बायका टेकडी ओलांडून येत होत्या. सोसायट्यांमध्ये घरकामाला. सात-आठ जणींचा एक घोळका, मागून तिघी, मग एकेकट्या, साडेनऊपर्यंत मी चाळीस मोजल्या. पुढच्या मावशींनी काट्या काठीने उचलल्या, बाजूला टाकल्या, सगळ्या सरळ उतरल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘काटं तुम्ही टाकता व्हय? साडी फाटली परवा. नऊला पयल्या घरी पोचायचं आस्तंय, तुमच्या वळणानं फिरत बसलं तर खाडा धरत्यात.’ रस्त्याने यायचं म्हणजे टेकडीला वळसा, दोन शेअर रिक्षा, जायचे-यायचे रोजचे साठ रुपये. टेकडी त्यांचा रस्ता आहे, आमच्यापेक्षा कितीतरी वर्षं आधीपासून.

आणि आम्ही आठला मोजणी बंद करत होतो.

दुसरी गोष्ट त्यांनीच सांगितली ती ऐकून मला घाम फुटला. गेल्या वर्षभरात सायकली आठनंतरच उतरायला लागल्या, म्हणजे बरोब्बर या बायका वाटेवर असताना. आधी सकाळी सहाला उतरायच्या तेव्हा यांच्याशी गाठच पडत नव्हती. आमच्या फुकटच्या, सर्वमान्य, कोणाचं नुकसान नसलेल्या वेळापत्रकाने सायकली एका घोळक्यावरून उचलून दुसऱ्या घोळक्यावर नेऊन सोडल्या होत्या, आणि तो घोळका ग्रुपवर नसल्यामुळे तक्रार आली नाही. तक्रार आली नाही म्हणून आम्ही डिसेंबरमध्ये एकमेकांना शाब्बासकीसुद्धा दिली होती.

दुसरी फेरी

ऑगस्टमध्ये परत बसलो. यावेळी मावशींपैकी दोघी आणि शेळ्यावाले मामा होते, आणि मीटिंग रविवारी न घेता बुधवारी संध्याकाळी पाचला, त्या परत जाताना, देवळापाशीच. अर्धा तास, त्याहून जास्त त्यांना वेळ नव्हता.

वेळापत्रक रद्द केलं. त्याऐवजी दिशा: सायकलींनी मेन वाटेने फक्त चढायचं, उतरायचं कायम उत्तरेच्या जीपरस्त्याने, तो रुंद आहे आणि लांबचं दिसतं. सायकलवाल्यांना हे जरा जड गेलं कारण खरी मजा वळणांवरून उतरण्यातच असते, एकजण चिडून ग्रुप सोडून गेला. पण चढताना सायकलचा वेग चालणाऱ्याएवढाच, त्यामुळे दचकायचा प्रश्नच राहत नाही.

सरळ वाट बंद करायचा हट्ट सोडला. तिथे पायऱ्या करायच्या, सिमेंट न वापरता, टेकडीवरच सुटे पडलेले दगड बसवून, कारण चढ तीव्रच ठेवायचा असेल तर पाण्याचा जोर पायरीपायरीला मोडावा लागतो. हे हौशी लोकांचं काम नाही. दगडकाम करणारे दोन मिस्त्री लावले, नऊ दिवस, मजुरी धरून साडेअठरा हजार, वर्गणीतून. ते कामाला लागले तेव्हा आमचे मेमधले दगडी बांध त्यांनी एका लाथेत पाडून दाखवले आणि नीट पाया खणून परत रचले. वाहून गेलेल्या वळणांचं काम नोव्हेंबरमध्ये, पाऊस संपून माती अजून ओलसर असताना केलं. मे मध्ये ज्या तुकड्याला दोन रविवार लागले तो एका सकाळीत झाला आणि घट्ट बसला.

काय निष्पन्न झालं

२५ जुलै २०२४ ला पुण्यात पाऊस झाला, तोच, ज्यात सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी छातीत धडधड घेऊन टेकडीवर गेलो. पायऱ्या जशाच्या तशा. नागमोडी वाटेवर एकच जागा गेली, तिसरं वळण, तेच जे टिटवीसाठी सरकवलं होतं आणि त्यामुळे तिथे चढ १० चा १६ टक्के झाला होता. जीपरस्त्यावरचं पाणी तीनपैकी दोन फटींतून बाहेर पडतं, तिसरी गाळाने बुजते, दर महिन्याला कोणीतरी जाऊन काढावी लागते आणि ते ‘कोणीतरी’ म्हणजे बहुतेक मीच. नऊ मीटर रुंद झालेल्या जागी तेरडा आणि गवत परत आलंय, घळींच्या खुणा दिसतात अजून.

दिशा ठरल्यापासून मेन वाटेवर सायकलमुळे कोणी पडल्याचं ऐकलेलं नाही. पायऱ्यांवरून एकजण पडले, मोबाइल बघत होते. नियम मोडून उतरणारे आठवड्याला एकदोन दिसतात, बहुतेक बाहेरचे, त्यांना ओरडायचं काम पडलेले काकाच आवडीने करतात. आणि मनगटवाल्या प्रकरणातला पोरगा सध्या रविवारी काकांना त्यांच्या फोनवर पक्ष्यांचे आवाज ओळखायचं ॲप शिकवतो, काकांना प्रत्येक सातभाई नवरंग वाटतो.

कुत्र्यांचा प्रश्न सुटलेला नाही. त्याच्यात हात घालायची माझी हिंमत नाही.

परत करायचं झालं तर

आधी पावसात चालून घेईन. छत्री घेऊन, बदाबदा पडत असताना, पाणी कुठून येतं ते माथ्यापासून बघत. टेप, टक्केवारी, ए-फ्रेम हे सगळं त्यानंतर. आखणी ऑगस्टमध्ये, म्हणजे कंद आणि फुलं दिसतात, आणि खणकाम दिवाळीनंतर. मे मध्ये हात लावणार नाही, लेखी कागद हातात असला आणि माणसं कितीही उतावीळ असली तरी, कारण उत्साह टिकत नाही ही आमची भीती तशी खोटीच निघाली, नोव्हेंबरला मे पेक्षा जास्त लोक आले होते.

टिटवीचं वळण आजही तिथेच ठेवीन का, यावर आमच्यात दुमत आहे. मला वाटतं अंडी फुटेपर्यंत चार आठवडे ते वळण सोडून बाकीचं करायला हवं होतं, मूळ रेघ बदलायची गरज नव्हती. मॅडम म्हणतात तुम्हाला चार आठवडे थांबता आलं असतं तर मे मध्येच कशाला सुरुवात केली असती. बरोबर आहे त्यांचं.

तार कोणी बांधली ते शोधलं नाही. तेव्हा पोलिसांत द्यायला हवं होतं असं आता वाटतं, निदान वनरक्षकाला तरी लगेच सांगायला हवं होतं. मी ती सोडवून खिशात घालून घरी आणली आणि भांडण वाढेल म्हणून ग्रुपवर महिनाभर बोललो नाही. दुसरी कुठे बांधली असती तर?

मोजणी आता वर्षातून दोनदा करतो, पहाटे साडेपाच ते साडेदहा, एक बुधवार आणि एक रविवार, वस्तीच्या बाजूलाही एक माणूस बसतो. मिसळीला पोचेपर्यंत अकरा वाजतात आणि तर्री संपलेली असते.